घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्याला नेमके किती राउटर लागतात?

राउटर म्हणजे फिरत्या बिटने, म्हणजे पात्याने, लाकडात खाचा पाडणारं आणि कडा कोरणारं विजेचं मशीन. तुमच्याकडे ६ मिमी दांड्याचे बिट घेणारा ट्रिमर, म्हणजे एका हातात मावणारा छोटा राउटर, आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत तुम्ही पुस्तकांचे रॅक, ड्रॉवर, छोटी टेबलं करता. आता टेबलाखाली लावायला एक मोठा राउटर आणि हातात धरायला एक प्लंज राउटर (चालू असतानाच बिट खाली लाकडात उतरवता येतो तो), असे आणखी दोन घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर सध्या एकही घेऊ नका. पुढे कपाटांची दारं करायला लागलात की एक घ्या. घरच्या कामाला तिसरा लागणारी माणसं फार थोडी.

यूट्यूबवरच्या अमेरिकन वर्कशॉपमध्ये एकेकाकडे पाच-सहा राउटर दिसतात, त्याला कारण आहे. एकदा बसवलेलं सेटिंग मोडावं लागू नये म्हणून ते असतात. डवटेलचं, म्हणजे ड्रॉवरच्या कोपऱ्यात पसरट दाते एकमेकांत अडकवून केलेल्या सांध्याचं, उदाहरण घ्या. आरपार डवटेलच्या जिगला, म्हणजे राउटरला वाट दाखवणाऱ्या साच्याला, सहसा दोन बिट लागतात, एक डवटेलचा आणि एक सरळ, आणि दोन्हींची खोली फळ्यांच्या जाडीशी जुळवावी लागते. जो रोज ड्रॉवर करतो त्याने त्यासाठी दोन मशीन कायमची अडकवून ठेवली तर वाचलेल्या वेळातून पैसे वसूल होतात. आपण महिन्या-दोन महिन्यांतून चार ड्रॉवर करणार. आपलं ते गणित नाही.

घरी सेटिंग जपायला लाकडाचा एक तुकडा पुरतो. ड्रॉवरच्या तळाची खाच मनासारखी पडली की त्याच सेटिंगवर एका टाकाऊ तुकड्यावर तीच खाच पाडा आणि पेन्सिलने लिहून ठेवा : ‘तळ, ६ मिमी बिट, खोली ८’. पुढच्या वेळी प्लग काढून राउटर त्या तुकड्यावर ठेवायचा, बिट खाचेच्या तळाला टेकेपर्यंत खाली सोडायचा आणि स्क्रू आवळायचा. झालं. माझ्याकडे अशा तुकड्यांचा एक डबाच आहे आणि नव्या मशीनपेक्षा त्याचा मला जास्त उपयोग होतो. शिवाय एका मापाच्या सगळ्या खाचा एका दमात पाडून घ्यायच्या आणि मगच बिट बदलायचा.

ट्रिमर बाजारात आला तो सनमाईकाच्या कडा कापायला, म्हणून लोक त्याला कमी लेखतात. पण एका वेळी २-३ मिमीच खोल गेलात तर सागातसुद्धा तो ९ मिमीची खाच तीन फेऱ्यांत व्यवस्थित पाडतो. रॅकच्या खाचेसाठी १८ मिमीचा बिट शोधत बसू नका. बाजारातला १८ मिमीचा प्लाय बऱ्याचदा अठराला थोडा कमीच भरतो. त्याहून थोड्या लहान बिटने दोन फेऱ्या शेजारी-शेजारी मारल्या की फळी घट्ट बसते. फळीच्या मधोमध खाच सुरू करायची असेल तर प्लंज लागतो हे खरं, पण बऱ्याच ट्रिमरना प्लंज बेस वेगळा मिळतो. तेवढा घ्या.

पैसे खर्चच करायचे असतील तर ते बिट आणि कोलेटवर (बिटचा दांडा आवळून धरणारी नळी) करा. सागात सिलिका असते, साधे स्टीलचे बिट लवकर बोथट होतात, म्हणून कार्बाइडचेच घ्या. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. आपल्याकडे ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, असे दोन्ही दांडे सर्रास मिळतात. ६ मिमीचा दांडा पाव इंची कोलेटमध्ये आवळला तर हाताला घट्ट वाटतो, पण काम करताना हळूहळू बाहेर सरकतो. खाच एका टोकाला ६ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ९ मिमी खोल निघाली तर समजा हेच झालंय. पूर्ण सुटला तर अंगावर येतो. दांडा तळापर्यंत घालून २-३ मिमी वर ओढा आणि मग आवळा. बाहेरच्या कडेने जाताना कड आपल्या समोर असली तर मशीन डावीकडून उजवीकडे न्या. उलट नेलं तर ते हातातून पळतं.

आता मोठा राउटर. चौकटीचं दार आणि त्यात उतरत्या कडांची फळी करायची असेल तर तोच सोयीचा. त्या फळीचा बिट ८० मिमीच्या आसपास व्यासाचा असतो. मिनिटाला २४,००० फेऱ्यांवर त्याचं टोक सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरने फिरेल! असा बिट हातात धरून कधीच चालवायचा नाही. तो टेबलाखालीच लावायचा आणि १०-१२ हजार फेऱ्यांवरच फिरवायचा. म्हणून स्पीड कमी-जास्त करता येणाराच राउटर घ्या, १५०० वॉटच्या पुढचा, आणि १२ मिमी की १२.७ मिमी कोलेट आहे ते दुकानात उघडून पाहा. मोठे प्लंज राउटर टेबलाखालीही लावता येतात. काहींच्या स्प्रिंगा काढून ठेवता येतात, म्हणजे उंची लावताना मशीनशी झटापट करावी लागत नाही. टेबल १८ मिमी प्लायचं घरीच करा, घडीचं केलंत तर बाल्कनीत मावेल.