दुकान मांडण्याआधी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाशिकरोडला डीटीपीचं दुकान टाकतोयस, गाळाही ठरला, हे कळलं. छान झालं. कॉम्प्युटरवाला 'सगळी सॉफ्टवेअर टाकूनच देतो' म्हणतोय, तर घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. तो क्रॅकचा माल. चोरी तर आहेच, वर बऱ्याचदा अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या मशिनवर गिऱ्हाइकांची आधार कार्डं स्कॅन होणार, तिथे ही ब्याद कशाला?

उरलं काय, तर रीतसर विकत घेणं किंवा मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असं. मी मुक्तच घे म्हणेन. पैसे वाचतात हे खरं, पण ते कारण माझ्या यादीत खाली आहे.

वरचं कारण असं, की आपलं काम दुसऱ्याच्या हाती अडकू नये. कुठल्याही जुन्या लग्नपत्रिकेची फाइल उघड, मजकूर निवड आणि फॉन्ट एरियल कर. 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसेल. मशिनच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते, आणि ज्याची त्याची मांडणी वेगळी. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचताच यायचा नाही. काही पॅकेजं तर डोंगल, म्हणजे मशिनला लावायची किल्लीवजा डबी, लावल्याशिवाय चालत नसत. डोंगल बिघडला की आपणच टाइप केलेल्या मजकुराला आपल्याला हात लावता येईना. लग्न परवावर आलेलं आणि पत्रिकेत नवरीच्या आत्याचं नाव राहिलेलं! सांग गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते.

युनिकोडने हा घोळ बराच मिटवला. त्यात प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. युनिकोड हे मानक आहे, मुक्त सॉफ्टवेअर नव्हे, पण ते सर्वांना खुलं असल्यामुळे नोटो, लोहित, बालू असे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आज बेधडक छपाईला वापरता येतात. द्राक्षाच्या पेटीवरच्या लेबलाला बालू झकास दिसतो.

गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही प्रिंटरच आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. अडकला की सगळ्यांना निरोप जावा, एवढीच सोय तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरला करायची होती, पण प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला मजकूर, द्यायला नकार मिळाला. १९८३ साली त्याने मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला: प्रोग्रॅम हवा तसा चालवा, आतून पाहा, बदला, वाटा.

'मला कुठे कोड येतो?' म्हणशील. मलाही येत नाही. पण ज्यांना येतो त्यांचे हात बांधलेले नसतात. २०१० मध्ये ओपनऑफिस हे पत्रं-तक्ते करायचं मुक्त सॉफ्टवेअर ओरॅकल कंपनीच्या ताब्यात गेलं, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी तोच कोड घेऊन लिबरऑफिस उभं केलं. वापरणाऱ्यांच्या फायली नव्या घरातही उघडत राहिल्या.

आता अडचणी. बाहेरून येणाऱ्या सीडीआर, म्हणजे कोरलड्रॉच्या, फायली इंकस्केप या चित्रं काढायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, पण सगळ्या नीट नाही. गिऱ्हाइकाकडून पीडीएफच माग. ऑफसेटला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत वेगळे केलेले रंग, लागतं, तिथे इंकस्केपवर विसंबू नकोस, शेवटची मांडणी स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कर. त्याची नवीच आवृत्ती घे, जुन्यात जोडाक्षरं तुटायची. प्रेसवाला कुरकुरेल. पहिल्या कामाआधी त्याच्याकडे एक प्रूफ काढून घे.

तुझ्या काकांच्या जुन्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन ये. कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढू. रफार आणि पहिली वेलांटी मात्र डोळ्यांनीच तपासावी लागेल, तेव्हा रविवारी सकाळीच ये.