इंग्रजी कच्चं आहे म्हणून नोकरी लागत नाही?

‘मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणूनच नोकरी लागत नाही ना?’ एमबीए झालेली गोव्याची मुलं मला हे हमखास विचारतात. बऱ्याच जणांची शाळा चौथीपर्यंत मराठीतून आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीतून, त्यामुळे ही भीती लहानपणापासूनच मनात घर करून असते.

डिचोलीकडच्या एका मुलीचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) फायनान्समध्ये एमबीए, गुण उत्तम, पण मुलाखतीच्या पहिल्याच फेरीत गाडी अडायची. वडील म्हणत होते, सरकारी जाहिरात निघेपर्यंत थांब.

तिच्या बायोडेटात ‘मेहनती, टीम प्लेअर, नेतृत्वगुण’ असं सगळं होतं. इंटर्नशिपची मात्र एकच ओळ: कुंडईच्या कारखान्यात अकाउंट्सचा अनुभव. म्हटलं, ‘तिथे रोज काय करायचीस, मराठीतच सांग.’

‘काही विशेष नाही, एक्सेल भरायचे.’

खोदून विचारलं तेव्हा कळलं. ग्राहकांकडची येणी चार फायलींत विखुरलेली होती. तिने सगळी बिलं एका शीटमध्ये आणली, ३०, ६०, ९० दिवस अशी थकबाकी वेगळी केली आणि आधी कोणाला फोन करायचा याची यादी मॅनेजरला दिली. कारखाना लघुउद्योगात मोडणारा. अशांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, हे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यातलं कलमही तिने शोधलं होतं. आणि यातलं एक अक्षर बायोडेटात नाही!

वेर्ण्याचा कारखाना असो की कळंगुटचं हॉटेल, मुलाखत घेणाऱ्याला एवढंच बघायचं असतं, की हिच्या हाती काम दिलं तर ते पुरं होईल का. आकडे नीट मांडेल का, ग्राहकाला धड ईमेल लिहील का, काही बिघडलं तर साहेबांना वेळेत सांगेल का. इंग्रजी लागतंच, हॉटेलात तर जास्तच; ते नको असं मी कोणालाच सांगत नाही. पण सांगण्यासारखं काही हाताशी असेल तर साधी, छोटी इंग्रजी वाक्यंही पुरतात.

आम्ही ती थकबाकीची हकिकत आधी मराठीत, मग इंग्रजीत घोटून घेतली. पुढच्या मुलाखतीत तिला विचारलं, जुना ग्राहक पैसे देत नसेल तर काय कराल? तिने आपली यादी कशी केली ते सांगितलं. दुसऱ्या फेरीत लॅपटॉप पुढे ठेवून पिव्होट टेबल (एक्सेलमधला आकड्यांचा गोषवारा) करायला लावलं, तेही जमलं.

आता ती त्याच कंपनीत थकबाकीची वसुली बघते. इंग्रजीचा सराव रोज ग्राहकांच्या फोनवर होतो.