बिटकॉइन वीस वर्षं सांभाळायचं म्हणजे : वाचकांची प्रश्नोत्तरं

क्रिप्टोच्या भवितव्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. ‘अमुक साली भाव किती असेल’ असे प्रश्न बाजूला ठेवले. त्याचं उत्तर देणाऱ्यापासून लांब राहावं, एवढंच सांगता येईल.

प्रश्न : दर चार वर्षांनी बिटकॉइन निम्मं होतं, म्हणून भाव वाढतो आणि दीर्घकाळात तोटा होतच नाही, असं माझा भाचा सांगतो. हे खरं आहे का? (नाशिक)

निम्मं होतं ते बिटकॉइन नव्हे, तर मायनरला (संगणकावर गणित सोडवून व्यवहारांची नोंद करणाऱ्याला) मिळणारं बक्षीस. 2009 मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे) 50 नाणी मिळत. दर 2,10,000 ब्लॉकनंतर ती निम्मी होत एप्रिल 2024 पासून 3.125 वर आली आहेत. साधारण दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला 144 ब्लॉक आणि 450 नवी नाणी. पुढची कपात 2028 च्या सुमारास. एकूण मर्यादा 2 कोटी 10 लाखांची आणि त्यातली 90 टक्क्यांहून अधिक नाणी केव्हाच बाहेर आली आहेत.

कपात होते, इथवर भाचा बरोबर आहे. पण पुरवठा ठरलेला आहे म्हणून मागणीही ठरलेली असते असं नाही. डिसेंबर 2017 मध्ये जवळपास 20,000 डॉलरला गेलेलं बिटकॉइन वर्षभरात सव्वातीन हजारांवर आलं. नोव्हेंबर 2021 मधले 69,000 डॉलर पुढच्या नोव्हेंबरात 16,000 च्या खाली उतरले. शिवाय कपातीची वेळ सगळ्या जगाला आधीच ठाऊक असते. जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्यातून फुकटचा नफा निघत नाही.

खरी शंका वेगळीच आहे आणि ती फारसं कुणी विचारत नाही. 2044 नंतर हे बक्षीस ब्लॉकमागे 0.1 नाण्याच्याही खाली जाईल. मग मायनरांनी यंत्रं आणि वीज कशाच्या जोरावर चालवायची? व्यवहार शुल्कावर. ते पुरेसं जमलं नाही तर मायनर यंत्रं बंद करतील. साखळी (ब्लॉकची ही सलग नोंदवही) त्यामुळे थांबणार नाही, कारण दर 2,016 ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी आपोआप कमी-जास्त होते. मात्र यंत्रं कमी झाली की साखळीवर हल्ला करणंही स्वस्त होतं. शुल्क पुरेल यावर ज्यांचा विश्वास आहे, त्यांचाच दीर्घकालीन विश्वास खरा. भाच्याला हे विचारून पाहा.

प्रश्न : 2021 मध्ये दहा-बारा वेगवेगळी नाणी घेतली. बरीचशी 90 टक्के पडली आहेत. धीर धरला तर वर येतील ना? (ठाणे)

बिटकॉइन पडून पुन्हा वर आलं, म्हणून बाकीची येतीलच असं नाही. मे 2022 च्या सुरुवातीला लुना नावाचं नाणं 80 डॉलरच्या आसपास होतं. आठवड्याभरात ते सेंटच्याही खाली गेलं. प्रत्येक नाण्याबाबत तीन गोष्टी तपासा. एकूण नाण्यांपैकी किती बाजारात आहेत? पाचवा हिस्साच असेल, तर उरलेली संस्थापक आणि सुरुवातीचे गुंतवणूकदार पुढे तुमच्याच डोक्यावर ओतणार. कोडमध्ये गेल्या सहा महिन्यांत कुणी काम केलंय का? आणि तुमच्याइतका माल आज विकायला काढला, तर घेणारा आहे का?

विकायचं ठरलं तर आधी कराचं गणित मांडा, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. समजा एका नाण्यात 1,00,000 रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात 80,000 तोटा. तुमच्या मते कमाई 20,000. कायद्याच्या मते 1,00,000. त्यावर 30 टक्के कर आणि करावर 4 टक्के उपकर, म्हणजे 31,200 रुपये. खिशातून 11,200 गेले! एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. खरेदी किंमत सोडून दुसरा खर्चही वजा मिळत नाही. शेअरसारखी ‘दीर्घ मुदतीची’ सवलत नाही. वीस दिवस ठेवा की वीस वर्षं, दर तोच. एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच. जुलै 2022 पासून कापला जाणारा 1 टक्का टीडीएस मात्र विवरणपत्र भरल्यावर करातून वळता होतो.

एक्स्चेंजवरून (जिथे नाणी घेता-विकता त्या ॲपवरून) व्यवहारांची यादी दर मार्चअखेर उतरवून ठेवा. दहा वर्षांनी खरेदी किंमत सिद्ध करायची वेळ येईल तेव्हा ते एक्स्चेंज असेलच असं नाही.

प्रश्न : नाणी ॲपवरच ठेवू की स्वतःच्या वॉलेटमध्ये? (पुणे)

रक्कम गेली तर झोप उडेल एवढी असेल, तर स्वतःकडे. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या, अनेक सह्यांशिवाय न उघडणाऱ्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांची खाती वर्षाहून अधिक काळ अडकली. मात्र ॲपवरून नाणी बाहेर काढण्याची सोय आहे का, हे खरेदीच्या आधीच बघा.

हार्डवेअर वॉलेट (नाण्यांची किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र) थेट कंपनीकडून घ्या. डब्यात वॉलेट पुन्हा उघडायचे शब्द आधीच छापलेले आले तर परत पाठवा, ती चोराची किल्ली आहे. यंत्राने दाखवलेले 12 किंवा 24 शब्द क्रमांकासह कागदावर दोन प्रतींत लिहा. फोटो नको, कारण तो गुपचूप क्लाउडवर जातो. मग थोडीशी रक्कम पाठवा. ती पोचली की यंत्र पूर्ण पुसा, कागदावरून पुन्हा उभं करा आणि तीच रक्कम दिसली तरच बाकीची हलवा. ही पायरी गाळणारेच पुढे रडतात. 12 शब्दांत क्रम चुकला तर सोळांतून एकदा यंत्र तो चुकीचा क्रमही बरोबर समजतं आणि रिकामं वॉलेट उघडतं. माणसाला वाटतं चोरी झाली. नाणी असतात जागच्या जागी, शब्द पाचवा-सहावा उलटलेला असतो.

पत्ता यंत्राच्या पडद्यावर पूर्ण ताडून पाहा, नुसती टोकं नकोत. नेटवर्कही (नाणं ज्या साखळीवर चालतं ती) जुळवा : ट्रॉनचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सने.

प्रश्न : क्वांटम संगणक आल्यावर हे सगळं संपेल का? (छत्रपती संभाजीनगर)

आज तरी तसा संगणक नाही. धोका आहे तो नाणी मालकानेच पाठवली हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल सह्यांना. त्यातही ज्यांची सार्वजनिक किल्ली (सही तपासायची किल्ली) साखळीवर उघडी पडली आहे, अशा सुरुवातीच्या वर्षांतल्या नाण्यांना जास्त. म्हणून एकच पत्ता पुन्हा पुन्हा वापरू नका. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमला तोंड देणाऱ्या सह्यांची मानकं जाहीर केली. अडचण गणिताची कमी आणि एकमताची जास्त : सह्या मोठ्या होणार, ब्लॉकमध्ये कमी व्यवहार मावणार, आणि मालक हरवलेल्या जुन्या नाण्यांचं काय करायचं यावर भांडण ठरलेलं.

प्रश्न : गावातला एकजण क्रिप्टोत दरमहा 5 टक्के देतो. घालू का? (कोल्हापूर)

नाही. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने दरमहा 10 टक्के, 18 महिने असं आश्वासन दिलं होतं. त्या प्रकरणात 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. बिटकॉइन नुसतं ठेवल्याने व्याज देत नाही. देतोय म्हणणारा एकतर तुमची नाणी कुणाला तरी उसनी देतोय, नाहीतर तुमच्या मागून आलेल्याचे पैसे तुम्हाला वाटतोय. आधीच घातले असतील तर सगळे स्क्रीनशॉट आणि बँकेच्या नोंदी घेऊन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा. आणखी दोन माणसं जोडलीत की मुद्दल मिळेल, असं तो सांगेलच.