लो-कार्बन इमारतीतली शाळा मुलांच्या तब्येतीला चांगली असते का?

तुम्ही विचारलंय की मुलीची शाळा नवीन लो-कार्बन (म्हणजे कमी एनर्जी वापरून कमी कार्बन सोडणाऱ्या) इमारतीत जाणार आहे, तर तिच्या दम्याला फरक पडेल का. पडेल, पण चांगला की वाईट ते आत हवा खेळती आहे का यावर ठरेल. मी बरीच वर्षं इमारतींच्या व्हेंटिलेशनचं काम करते, त्यात शाळाही पुष्कळ आल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

एनर्जी वाचवायची म्हणजे आतली गार किंवा गरम हवा वाया जाऊ द्यायची नाही, मग सगळ्या फटी बुजवतात आणि घोळ तिथेच होतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत हेच झालं, माणशी मिनिटाला १५ घनफूट ताजी हवा यायची ती ५ वर आणली आणि लोकांना डोकेदुखी, डोळ्यांची चुरचुर, थकवा सुरू झाला, शेवटी १९८९ मध्ये परत १५ करावं लागलं.

एका नव्याकोऱ्या शाळेत मी मीटर घेऊन मागच्या बाकावर बसले होते. सकाळी रिकाम्या वर्गात कार्बन डायऑक्साइड ४५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४५० भाग), म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेइतकाच, आणि दुसरी तासिका संपेपर्यंत २१००! मुलं जांभया देत होती, एक मुलगी तर बाकावर डोकं टेकून बसलेली, बाईंना वाटलं रात्री झोप झाली नसेल. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तर पंधरा मिनिटांत आकडा ९०० वर आला. हा वायू एवढ्या प्रमाणात विषारी वगैरे नसतो, पण एकमेकांनी सोडलेलाच श्वास मुलं परत किती घेतायत ते त्यावरून कळतं, आणि सर्दी-खोकल्याचे विषाणूही त्याच हवेत फिरत असतात. शिवाय वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

दम्यासाठी मला सगळ्यात जास्त काळजी ओलीची वाटते. बंदिस्त खोलीत श्वासातली वाफ गार भिंतीवर धरते, कपाटामागे बुरशी येते, कुबट वास सुटतो. दुसरं म्हणजे नवीन प्लायवूडच्या गोंदातून निघणारं फॉर्मल्डिहाइड, हा श्वासाला त्रास देणारा वायू, त्यामुळे फर्निचर आल्या आल्या वर्ग भरवू नयेत, काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवून वास जाऊ द्यावा.

पण चांगल्या बाजूही खऱ्या आहेत हं. गॅस-डिझेलचा बॉयलर जाऊन हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं विजेवरचं यंत्र) आला की आवारातला धूर थांबतो, दम्याच्या मुलांना त्याचा मोठा फायदा. खिडक्यांवर नीट छज्जे असले की एसीशिवायही दुपारी वर्ग फार तापत नाही.

शाळेला एवढंच विचारा: ताज्या हवेचा पंखा हीट रिकव्हरीवाला (बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब किंवा गारवा आत येणाऱ्या हवेला देणारा) आहे का, आणि फिल्टर कोण बदलणार, किती महिन्यांनी? दुसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसतं. वर्ग सुरू झाले की दुसऱ्या तासिकेनंतर एकदा मीटर घेऊन जा, १००० च्या आसपास असेल तर ठीक, १५०० च्या वर दिसला तर फोटो काढून थेट मुख्याध्यापकांना दाखवा.