फितूर कोण, साक्षीदार की वकील?

प्रश्न असा होता की पेपरात "साक्षीदार फितूर" छापतात ते होस्टाइल विटनेसला (म्हणजे ज्यानं बोलावलं त्याच्याच विरुद्ध साक्ष देणाऱ्याला) बरोबर बसतं का, आणि सरकारी वकीलच फिरला तर त्यालाही फितूर म्हणायचं का.

आधी शब्द बघू. फितूर मूळचा अरबी, फारसीवाटे आला, मूळ अर्थ ढिलाई, बिघाड असा काहीसा. हिंदीत त्याचं डोक्यातलं खूळ झालं आणि मराठीत थेट गद्दारी, किल्लेदार फितूर झाला नि गड गेला, फंदफितुरी वगैरे. त्यामुळे आपल्या कानाला फितूर म्हटलं की पैसे खाल्ले, शत्रूला मिळाला हेच ऐकू येतं.

गंमत म्हणजे 1872 च्या पुरावा कायद्याच्या त्या कलमात होस्टाइल हा शब्दच नाही! कलम 154 (1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमात 157) एवढंच म्हणतं की कोर्टानं परवानगी दिली तर आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीत विचारतात तसले प्रश्न विचारता येतील, कारण एरवी सरतपासणीत, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न चालत नाहीत. बस. लाचेचा, गद्दारीचा पत्ता नाही. उलट पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, मग लिहिणाऱ्यानं मनाची चार वाक्यं घुसडली आणि साक्षीदार कोर्टात म्हणाला की साहेब मी असं बोललोच नव्हतो, तर खरं बोलूनही दुसऱ्या दिवशी हेडलाइनमध्ये तोच फितूर. शिवाय त्याची साक्ष रद्दीत जाते असंही नाही, सतपाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1975 मध्येच सांगितलंय की त्यातला विश्वास ठेवण्याजोगा भाग धरता येतो. (हिंदीवाले पक्षद्रोही म्हणतात, म्हणजे तेही आपल्याच वाटेनं गेले. साक्षीदाराला पक्ष कसला?)

आता वकील. बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात 1 मार्च 2002 ला 14 माणसं मारली गेली, खटल्यात एकामागून एक साक्षीदार उलटले आणि 2003 मध्ये सगळे 21 आरोपी सुटले. 2004 मध्ये सुप्रीम कोर्टानं खटला पुन्हा चालवायला महाराष्ट्रात पाठवला, आणि तेव्हा सरकारी वकिलाबद्दल जे म्हटलं त्याचा आशय असा की हे कोर्टापुढे सत्य मांडणाऱ्यापेक्षा बचाव पक्षाच्या वकिलासारखेच वागले. इतकं होऊनही मराठीत "फितूर सरकारी वकील" मी कुठे वाचलेलं नाही, बातम्यांमध्ये हा शब्द साक्षीदारालाच चिकटलाय. वकिलाबद्दल आपण "मॅनेज झाला" म्हणतो, तेही दबक्या आवाजात.

माझ्या मते अर्थानं बघाल तर फितूर हा शब्द अशा वकिलालाच जास्त शोभतो, कारण त्याला बाजू दिलेली असते, पगार किंवा फी सरकारची असते, तो फिरला तर खरंच किल्लेदार फिरला. साक्षीदारासाठी "उलटला" किंवा "साक्ष फिरवली" लिहा, त्याला कुणी फोडलाय हे सिद्ध झालं असेल तर "फोडला" लिहा की बिनधास्त.