शहरात रोज ठरलेल्या वेळी लाईट जाणार असेल तर घरातलं कसं निभवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे आता रोज सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तास लाईट जाणार असं जाहीर झालंय, सासऱ्यांना इन्सुलिन चालू आहे, मुलगा दहावीला आहे, आणि घरात कोणालाच याची सवय नाही. मी सोलापूरची. २००५ ते २०१२ या वर्षांत आम्ही हेच काढलं, आणि आमच्याही घरात तेव्हा बाबांचं इन्सुलिन आणि धाकट्या भावाची दहावी एकदमच आली होती. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी वेळापत्रक. न सांगता जाणारी लाईट माणसाला छळते, सांगून जाणाऱ्या लाईटशी जुळवून घेता येतं. पेपरात आलेलं कात्रण आई स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवायची. वेळा बदलल्या की त्यावरच दुसरं. मिक्सरचं वाटण, इस्त्री, मोटर लावून टाकी भरणं, सगळं त्या कागदाकडे बघून. पाण्याचं विशेष सांभाळा. आमच्याकडे नळाला पाणी तीन-चार दिवसांआड यायचं आणि नेमकी तेव्हाच लाईट नसली की हौदातून बादल्या भरून जिन्यानं वर न्याव्या लागायच्या. टाकी अर्धी झाली की लगेच भरून घ्या, रिकामी व्हायची वाट बघू नका. आणि वीज कंपनीकडे तुमच्या ग्राहक क्रमांकाला मोबाईल नंबर जोडलेला आहे ना, ते आजच बघा. वेळ बदलल्याचा मेसेज त्यावरच येतो.

दुसरी गोष्ट मला फार महागात पडता पडता राहिली. एका दुपारी मी भावाचा शाळेचा शर्ट इस्त्री करत होते. खाली आपली नेहमीची सोलापुरी चादर, चार पदरी घडी घालून. लाईट गेली. मी इस्त्री तशीच चादरीवर ठेवली आणि क्लासला निघून गेले, बटण चालूच. जुनी इस्त्री, तापमान आपोआप थांबवणारी सोय तिच्यात नव्हती. घरात बाबा एकटे झोपलेले. लाईट परत आली तेव्हा धुरानं त्यांना जाग आली म्हणून बरं. संध्याकाळी मी चादर उलगडली तर चारही पदरांना आरपार इस्त्रीच्या आकाराचं भोक, कडा काळ्या आणि कडक झालेल्या. ती चादर आईनं कित्येक दिवस टाकू दिली नाही. तेव्हापासून घरात नियम झाला, तो तुम्हीही करा: लाईट गेली की मेणबत्ती शोधायच्या आधी इस्त्री, गीझर, मोटर, टीव्ही, फ्रीज यांची बटणं बंद करायची. दिवाणखान्यातला एक बल्ब फक्त चालू ठेवायचा. तो पेटला की लाईट आल्याचं कळतं.

आल्याआल्या लगेच सगळं सुरू करू नका. त्या क्षणी सगळ्या गल्लीचे पंप, फ्रीज आणि इन्व्हर्टर एकदम वीज ओढायला लागतात. आमच्या गल्लीला वीज देणाऱ्या पेटीतला, म्हणजे डीपीवरचा फ्यूज असाच उडायचा, आणि दोन तासांचे पाच तास व्हायचे. दहा मिनिटं थांबा, व्होल्टेज स्थिर होऊ द्या, मग फ्रीज, मग बाकीचं.

इन्सुलिनची काळजी समजू शकते, पण दोन तासांनी काही बिघडत नाही. दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास गार राहतो. न फोडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत हव्यात, मात्र फ्रीजरमध्ये कधीच नकोत. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे बाहेर चालतं. तुमच्या प्रकारासाठी आतला कागद वाचा, डॉक्टरांना एकदा विचारा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, त्यामुळे बाहेर ठेवायची सोय नव्हती. आई रुंद तोंडाच्या माठात पाणी घालून त्यात घट्ट झाकणाची स्टीलची डबी तरंगत ठेवायची, डबीत बाबांची चालू बाटली. माठाला बाहेरून ओलं फडकं. बाबांनी दोन उन्हाळे त्या डबीवर काढले.

इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर आधी हिशेब करा. १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. तूट धरली आणि बॅटरी तळापर्यंत उतरवली नाही तर हाताशी ११००-१२०० येतात. साधा पंखा ७५ वॅट घेतो. दोन पंखे आणि ९ वॅटचे तीन एलईडी मिळून १८०च्या आत, म्हणजे सहा तास निघतात. तुमचा खंड दोन तासांचा आहे. दुकानदार दोन बॅटऱ्या गळ्यात मारायला बघेल. त्या पैशात पंखे बदला. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३०-३५ वॅटमध्ये चालतो, आणि बिलही कमी येतं. बॅटरी झोपायच्या खोलीत नको, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही. मेणबत्त्या मात्र घरातून काढूनच टाका, विशेषतः मच्छरदाणी लावत असाल तर.

हे का होतं, असंही तुम्ही विचारलंय. मागणीपेक्षा वीज कमी पडली की ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याची वारंवारता नेहमीच्या ५० हर्ट्झच्या खाली घसरते. तिला तसंच घसरू दिलं तर वीजनिर्मितीचे संच एकामागून एक बंद पडून सगळंच कोसळू शकतं, म्हणून आधीच काही भागांचा पुरवठा पाळीपाळीनं तोडतात. आमच्या वेळी राज्यात चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा होता. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडलेला, नवे संच फारसे उभे राहिले नव्हते. कोणाला किती तास अंधार, हे त्या भागातल्या वीजगळतीवर आणि बिलवसुलीवर ठरायचं. कागदावर हे रास्त दिसतं. पण एका फीडरवर, म्हणजे एका भागाला वीज नेणाऱ्या वाहिनीवर, काहींनी चोरून आकडे टाकले की तारखेच्या आत बिल भरणाराही त्यांच्याबरोबर अंधारात. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पुण्यानं २००६ मध्ये उद्योगांची स्वतःची जनित्रं चालवून आणि ग्राहकांकडून थोडा जादा आकार घेऊन सुटका करून घेतली. आमच्याकडे तसं झालं नाही.

आम्ही पूर्व भागात राहायचो, यंत्रमागांच्या मधोमध. मागांचा खडखडाट दिवसभर इतका कानात असायचा की ऐकूच येत नसे. लाईट गेली की सगळी पेठ एका क्षणात गप्प व्हायची, आणि त्या शांततेनंच मला जाग यायची. धोटा, म्हणजे मागात आडवा धागा नेणारा तुकडा, अर्ध्या वाटेत थांबलेला. परत सुरू करताना जपून जुळवलं नाही तर कापडावर आडवी रेघ उठते आणि तो माल दुय्यम ठरतो. कामगारांना पैसे विणलेल्या मालावर, त्यामुळे बंद वेळेचं काहीच हातात पडत नसे. बायाबापड्या उंबऱ्यात उजेडाला बसून विड्या वळायच्या, पुरुष कारखान्याच्या दारात नुसते उभे. आम्हाला उकाडा सोसावा लागला, त्यांची मजुरी जात होती.

आता मुलाचं. संध्याकाळचा खंड अभ्यासाच्या वेळेवर येत असेल तर त्याचा दिनक्रम मागे-पुढे करा; भाऊ पहाटे चारला उठायचा. लाईट नसताना पाठांतर, तोंडी उजळणी. लिहिण्याचं काम उजेडात. आमच्या समोर एका माग कामगाराची मुलगी त्याच वर्षी दहावीला होती, तिच्या घरी इन्व्हर्टर नव्हता. आईनं तिला बोलावलं. नोव्हेंबर ते मार्च ती रोज लाईट गेली की पुस्तकं छातीशी धरून यायची, आणि दोघं बाहेरच्या खोलीत एकाच बल्बखाली बसायची. तुमच्या आसपास असं कोणी असेल तर त्यालाही बसवा. एका बल्बनं बॅटरीला काही फरक पडत नाही.