सिंगल ओटी म्हणजे ओटी नव्हे

ताई, तुमचा भाऊ साकीनाक्याच्या गाळ्यात मोल्डिंग मशीनवर तासाला ८० रुपयांनी लागलाय, सकाळी ८ ते रात्री ८ राबतो, आणि ठेकेदार म्हणतो की तासावरच्या माणसाला ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचे जादा पैसे) नसते, जेवढे तास तेवढे पैसे, म्हणजे जादा तासालाही साधाच दर, सिंगल. साफ खोटं. मीही भांडुपला सहा वर्षं हेच ऐकलं आणि खरं मानलं.

उलट तासावरच्या माणसाचा हिशेब सोपा. महिन्याच्या पगारवाल्याला आधी २६ ने आणि मग ८ ने भागून तासाचा दर काढावा लागतो. तुमच्या भावाचा दर आयता आहे. जादा तासाला त्याच्या दुप्पट, म्हणजे १६० रुपये. १९४८च्या कारखाना अधिनियमात हेच होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही दुप्पटच आहे.

आता जादा तास कुठून मोजायचे? सगळे दिवसाचे तास धरून बसतात आणि आठवडा विसरतात. मर्यादा आठवड्याला ४८ तासांची आहे. जेवणाचा अर्धा तास वजा केला तर त्याचे रोजचे साडेअकरा तास, सहा दिवसांचे ६९. म्हणजे २१ तास जादा. ४८ तासांचे ३,८४० आणि २१ तासांचे ३,३६० मिळून ७,२०० व्हायला हवेत. त्याच्या हातात पडतात ५,५२०. दर आठवड्याला १,६८० रुपये गेले!

एवढी ओटी करून घेणंच मुळात बेकायदा आहे, तीन महिन्यांत किती तास करवून घ्यायचे यालाही मर्यादा असते. पण ती ओलांडली हा गुन्हा मालकाचा, त्यासाठी कामगाराचे पैसे बुडत नाहीत. 'ओटीऐवजी नाश्ता देतो ना' हेही चालत नाही. महिन्याच्या पगारावर असलेल्यांनी एवढं बघावं की दुप्पट काढताना महागाई भत्ता गाळलेला नाही.

आमच्याकडे मस्टरवर ८ तासांची सही घ्यायचे आणि वरचे पैसे व्हाउचरवर द्यायचे. त्यामुळे भांडायला हातात कागदच नसायचा. भावाला खिशात छोटी डायरी ठेवायला सांगा. आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ रोज, त्याच दिवशी लिहायची. पंचिंग असेल तर फोटो काढायचा. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी नव्या संहितेत मालकावर आहे, पण तास किती भरले हे सांगायला डायरीच उपयोगी पडते.

आधी ठेकेदाराकडे लेखी मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागितलं तरी चालेल, पण तोंडी नको. त्याने हात वर केले तर जबाबदारी गाळ्याच्या मालकावर येते. तोही ऐकेना तर वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, म्हणजे कामगार आयुक्तांचं कार्यालय गाठा. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, त्यामुळे उद्याच नोकरी पणाला लावायची गरज नाही. चार-सहा महिने डायरी भरू दे, सोबतचे दोघे-तिघे तयार होतात का बघू दे. एकटा गेला की सोमवारी गेटवरच अडवतात, मला अडवलं होतं.